मासोळी छाप

त्या पावसाळ्यात आमच्या पेडण्यात तीन भांडणं चालू होती. एक कोंकणी की मराठी या भाषेचं, दुसरं गोव्याच्या वेगळ्या राज्याचं, आणि तिसरं कोरगावात भिकाजी आणि सगुण या दोघा सख्ख्या भावांचं, खिशातल्या चाकूचं. पहिल्या दोन भांडणांपायी म्हापशाच्या वाटेवर टायर जळले, बसगाड्या अडल्या, सोयरे सोयऱ्यांच्या लग्नाला गेले नाहीत. पण सरकारनं पुढल्या वर्षी त्यांचा काय तो निकाल लावला. तिसऱ्याला सरकार पुरं पडलं नसतं.

मूळ चाकू त्यांच्या बापाचा. बाप अनंत, आंब्याची कलमं बांधणारा. पोर्तुगिजांच्या वेळी वास्कोच्या बंदरात कुणा खलाशाला एक कोंबडा देऊन त्यानं तो घेतला होता. पात्यावर मासोळी कोरलेली, मूठ काळ्या शिंगाची, मिटला की तळहातात मावेल एवढा. त्याच्या धारेबद्दल लोक सांगतात ते सगळं काही मी खरं मानत नाही. पात्यावर डास बसला की त्याचे दोन डास होऊन उडत, हे साफ खोटं. अर्धाच उडायचा. उरलेला तिथंच पडायचा.

अनंत मेला आणि वाटणी झाली. घराच्या मधोमध चिऱ्यांची भिंत उठली. माड, फणस, भांडी, पाटे-वरवंटे, सगळं दोन ठिकाणी गेलं आणि चाकू तेवढा एकच उरला. पंचांनी सांगून बघितलं, एकानं चाकू घ्या, दुसऱ्यानं त्याऐवजी दुधाची म्हैस घ्या. म्हैस कुणालाच नको होती. पंचांना भुका लागल्या. शेवटी चिडून त्यांनी लोहाराला बोलावलं आणि चाकूचा खिळा काढायला लावला. पातं थोरल्याला, मूठ धाकट्याला. पंचांना वाटलं, आता तरी या दोघांना लाज वाटेल. दोघांना समाधान वाटलं.

पातं भिकाजीनं फणसाच्या लाकडात बसवलं आणि घासघासून वापरलं. होता होता ते दाभणाएवढं झालं आणि एके दिवशी कडकन मोडलं. शिंगाची मूठ सगुणाच्या कुत्र्यानं हाड समजून पळवली. कुत्र्याला पुष्कळ मारलं, पण त्यानं ठिकाण सांगितलं नाही.

तोवर बापाच्या चाकूसारखा लिस्बनचा माल कधीच बंद झालेला. पेडण्याच्या बाजारात शांतारामाच्या दुकानी मुंबईकडून दोन चाकू येऊ लागले होते. एक मासोळी छाप. पात्यावर मासा तसाच, पण मूठ लाल प्लास्टिकची. दुसरा गरुड छाप. पात्यावर पक्षी, पण मूठ काळी, शिंगासारखी. भिकाजीनं मासोळी घेतली, सगुणानं गरुड.

"बापाशीचो चाकू मासोळीचो," भिकाजी चारचौघांत सांगे. "मासो नाय तो चाकू कसलो?"

"बापाशी काय मासो धरून कापी?" सगुण दुसऱ्या चारचौघांत सांगे. "मूठ धरून कापी. मूठ बापाशीची, म्हंजे चाकू बापाशीचो."

निवाडा करायचा तर असा: मासोळीचं पोलाद कडक, धार टिकून राही, पण खिळा कच्चा, महिन्याभरात पातं लटपटू लागे. गरुडाचा खिळा घट्ट, मूठ घामेजल्या हातातूनही सुटत नसे, पण पातं मऊ, सारखं सहाणेवर घ्यावं लागे. पण निवाडा मागतो कोण? गाव बघता बघता दोन झालं. देवळाचा पुजारी गरुडवाला, कारण त्याचा चुलता मासोळीवाला. पाव भाजून विकणाऱ्या पोदेराला उंडे कापायलाही चाकू लागत नव्हता, पण सगुणाचं कुत्रं त्याच्या पोटरीला चावलं होतं, म्हणून त्यानं मासोळी घेतली आणि सायकलीच्या टोपलीला बांधून ठेवली. सगुण कोंकणीच्या सभेला गेला, कारण भिकाजी मराठीच्या सभेला गेला होता. घरी दोघं बोलत ते एकच होतं आणि त्यातल्या बहुतेक शिव्या होत्या. शांताराम दोन्ही चाकू विकी आणि ज्याला जो हवा तोच कसा चांगला ते त्याला पटवी. स्वतः अडकित्ता वापरी.

भाटकार, म्हणजे जमीनदार, गोकुळदासाची कोरगावच्या डोंगरावर काजूची मोठी बाग होती. त्या वर्षी खोडकिड्यानं तिची पार चाळण केली. भाटकारानं ठरवलं, काजू तोडायचे आणि सगळ्या डोंगरावर मानकुराद आंबा लावायचा. मृगातच त्यानं आंब्याच्या कोयी पिशव्यांत रुजत घातल्या. कोयींना लालसर कोंब फुटले की त्यांवर मानकुरादाच्या काड्या बांधायच्या. ज्याची कलमं जगतील त्याला डोंगर. म्हणजे यंदाची बांधणी, लावणी आणि मग वर्षानुवर्षं राखण. माणूस म्हातारा होऊन मरेपर्यंत पुरेल एवढं काम.

आणि नाही मिळालं तर डिचोलीची लोखंडाची खाण. भिकाजीची पन्नाशी उलटलेली. त्याच्या बायकोचा, सुलोचनेचा, भाऊ खाणीवर होता. तो चतुर्थीला आला की अंगणात खाकरायचा, आणि जिथं थुंकायचा ती जागा तांबडी व्हायची. खाणीच्या मुकादमानं भिकाजीला निरोप पाठवून ठेवला होता: पाऊस सरला की ये, फावडं आमचं. सुलोचनेनं तो निरोप ऐकला आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या छातीला कान लावून बघू लागली, आतून काही आवाज येतो का.

आषाढात भाटकाराच्या मांगरात, बागेतल्या खोपीत, दोघा भावांनी बसकण मारली. डाव्या भिंतीला भिकाजी, उजव्या भिंतीला सगुण, मधे पिशव्यांच्या रांगा. छपरावर पाऊस असा की जवळ बसलेल्या माणसालाही ओरडून सांगावं लागे. डोक्यावर गोणपाटाची खोळ, गुडघे कानाशी, बोटं पाण्यानं पांढरी आणि सुरकुतलेली, नखं आंब्याच्या चिकानं काळी. कोंबाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचं. काडी तासली की तिला वाऱ्यावर ठेवून चालत नाही. तोंड काळं पडतं आणि मेली.

"भाटकारानू," भिकाजी समोर भिंतीकडे बघत म्हणाला, "त्या माणसाक सांगा, माझ्या पिशव्यांकडे बघू नको म्हणान."

"भाटकारानू," सगुण म्हणाला, "त्या माणसाक इचारा, बघूसारख्या आसा काय थय?"

"माका काय पोस्टमन केलास रे?" भाटकार म्हणाला आणि आत गेला.

पंधरवड्यानं भाटकार छत्री घेऊन मांगरात आला. बरोबर पाच-सहा रिकामटेकडी माणसं, त्यांत पोदेर. भाटकारानं भिकाजीच्या रांगेतलं एक कलम उचललं, काडी दोन बोटांत धरली आणि सहज ओढली. काडी पट्टीतून सुटून वर आली, जशी चहातून काडी काढावी. टोक काळं, बुळबुळीत. दुसरं ओढलं. तिसरं. मग तो सगुणाच्या रांगेकडे वळला. तिथली काडी ओढून निघेना. भिकाजीनं मान खाली घातली, सगुणानं वर केली. पण काडी वाळून काटकी झालेली होती. वाकवल्याबरोबर तुटली.

"घट्ट बांधलास हां मड्याक," भाटकार सगुणाला म्हणाला. "तिरडी बरी बांधशीत."

पोदेर हसला. मग आपण मासोळीवाले हे आठवून भिकाजीच्या बाजूनं गप्प झाला.

"पाऊस ज्यास्त झालो," भिकाजी म्हणाला.

"पाऊस काय तुझ्याच पिशव्यांत पडलो? माझ्या पायलीभर कोयी फुकट घालवल्यात दोघांनी मिळान. अनंताचे झील ना तुमी? मेल्यांनो, बापाशीचा नाव सांगू नकात. राहिलेली रोपं आसत, ती शेवटची. माझ्या मानकुरादाच्या झाडार आता एकाच दिसाच्या काड्यो आसत. चतुर्थीआधी जगवून दाखवा. नायतर मी पलीकडून माणूस हाडतलंय."

पलीकडून म्हणजे तेरेखोल नदीच्या पलीकडून. कोरगावच्या डोंगरावर सिंधुदुर्गातला माणूस येऊन कलम बांधणार, हे मांगरात उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपलं नाक कापल्यासारखं वाटलं. पण नाक दोघांचंच कापलं जाणार होतं.

घरी येऊन भिकाजीनं चाकू उघडला, मिटला, उघडला. "ह्या खेपेचो मासो जरा हलको इलो," तो म्हणाला. "शांतारामाकडून दुसरो मासो हाडूक व्हयो."

भिंतीपलीकडे सगुण त्याच वेळी गंगेला सांगत होता, की गरुडाची पुढची खेप येऊ दे, मग दाखवतो.

सुलोचना आणि सगुणाची बायको गंगा यांचं आपसांत भांडण नव्हतं. पण नवऱ्यांना बरं वाटावं म्हणून त्या रोज विहिरीवर थोडं भांडत. एकीची कळशी दुसरीच्या कळशीला लागली की झालं. मग दोघी शेणखताच्या खड्ड्याकडे जात, तिथं कुणाचं लक्ष नसे, आणि पान खात. त्या संध्याकाळी खड्ड्यात दोन्ही घरांची मेलेली कलमं येऊन पडली होती. भाटकारानं ती टोपलीभर घरपोच करायला लावली होती.

सुलोचनेनं एक उचललं आणि पट्टी सोडली. "गंगे, हो काप बग आमच्या घोवाचो. काचेसारखो आसा गो."

"आनी बांधलेला बग, वयनी. सुटलेल्या कासट्यासारखा. आत पाणी गेला तर काय होताला?" गंगेनं दुसरं उचललं. तिला पट्टी सोडायला दात लावावे लागले. "ह्या आमच्या माणसाचा. बांधलेला ढोलाच्या कातड्यासारखा. आनी आत? उंदरान कुरतडल्यासारखो काप."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सासरा जिवंत असताना भिकाजी फक्त काप द्यायचा आणि सगुण फक्त बांधायचा. हे दोघींनी लग्न होऊन आल्यापासून बघितलं होतं. वाटणीत हेही वाटलं गेलं, हे पंचांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि भावांच्या तर नाहीच.

सुलोचनेनं रात्री जेवताना सांगून बघितलं. भिकाजीनं ताट सरकवलं. "त्या गरुडवाल्याच्या हातात माझी काडी दिवचंय नाय. खाणीर जायन."

"जावा," सुलोचना म्हणाली. "पण उपाशी जावचा लागात."

दुसऱ्या दिवशी दोन्ही चुली थंड. भिकाजीनं पोदेराकडून उंडे आणले, सगुणानंही पोदेराकडूनच आणले. पोदेर मासोळीवाला म्हणून सगुणाला शिळे मिळाले. तिसऱ्या दिवशी उंड्यांनी भिकाजीचं पोट बांधलं, आणि सगुणाचं सुटलं. दोघं परसाकडच्या एकाच वाटेवर समोरासमोर आले. एकाला जाता येईना, एकाला थांबता येईना. चौथ्या दिवशी सकाळी भिकाजी मांगरात भिंतीकडे तोंड करून बसला आणि सगुण त्याच्याकडे पाठ करून बसला. मधे दोघी जावा. भिकाजीनं काडी तासून रोपात बसवायची, सुलोचनेनं ते रोप उचलून गंगेकडे द्यायचं, गंगेनं सगुणासमोर ठेवायचं. बोलायचं काही नाही.

भाटकारानं झाडावरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या काड्या उतरवून केळीच्या सोपटात ओल्या फडक्याखाली ठेवल्या होत्या. दिवस मावळायच्या आत त्या सगळ्या बांधून व्हायला हव्या होत्या.

काम धरलं. भिकाजीचा चाकू चालू लागला तशी सुलोचनेला उचलायला उसंत मिळेना. काप असा की काडीला कळत नसेल आपण कापली गेलो ते. पलीकडे सगुणाची बोटं पट्टी ताणून फिरवत, गाठ मारत आणि पुढचं मागत. त्याला बघायची गरज नव्हती. पण बघितल्यावर तो थांबला. चिरेत बसलेल्या पाचरीवरून त्यानं अंगठा फिरवला. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "गंगे, त्या माणसाक सांग, जरा भरभर."

"गंगे," भिकाजी म्हणाला, "त्या माणसाक सांग, रडतल्या पोराच्या लंगोटाक अशी गाठ मार. कलमाक नको."

पण गाठ चांगली होती आणि ते त्याला ठाऊक होतं.

दुपारी पाऊस वाढला. मांगराच्या उंबऱ्याबाहेरून व्हाळी घो घो करत चालली होती. भिकाजीनं एक कोंब चिरला, चाकू झटकला, आणि लटपटणारा खिळा निसटला. पातं मुठीतून उडालं, उंबऱ्याच्या चिऱ्यावर टण्णकन वाजलं आणि व्हाळीत पडलं. भिकाजी ढोपरांवर धावला, कोपरापर्यंत हात घातला, चिखल उपसला. पातं गेलं ते गेलं. मासोळीच ती, पाणी मिळाल्यावर थांबते कशाला.

तो परत येऊन बसला. हातात लाल प्लास्टिकची मूठ. समोर अर्ध्याहून जास्त काड्या.

मांगरात चाकू एकच उरला होता. सगुणाच्या खाकी चड्डीच्या खिशात, नवाकोरा. कापायचं काम नसताना तो सोबत आणला होता, नुसता असावा म्हणून.

"भावजी," सुलोचना म्हणाली, "चाकू दिया."

"तेका मागांक सांग."

"मी मागूचंय नाय," भिकाजी मुठीकडे बघत म्हणाला.

"मगे मी दिवचंय नाय."

गंगा कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, काड्यो सुकतत!"

"सुकांदी. त्या पक्ष्यान मी काडी कापूचंय नाय. खाणीर फावडां मारीन."

सुलोचना उठली. पदर खोचला. आणि जे कोरगावात कुणी बघितलं नव्हतं ते तिनं केलं: थोरल्या भावजयीनं दिराच्या चड्डीच्या खिशात हात घातला. सगुण असा ताठ झाला, जसा अंगावर साप चढावा. ओरडायचं की उठायचं हे ठरेपर्यंत चाकू बाहेर आला होता. चाकू या हातातून त्या हातात देत नाहीत, भांडण होतं. आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं. तरी तिनं तो नवऱ्यासमोर जमिनीवर ठेवला.

"खाणीर जावचा तर आताच जावा," ती म्हणाली. "मी तुमच्या पाठसून येवचंय नाय. माझो एक भाव थय थुंकता, तितक्या पुरे."

भिकाजीनं चाकू उचलला. मग त्यानं तो उघडला, सहाण ओढली, तिच्यावर पावसाचे दोन थेंब घेतले. सगळ्यांना वाटलं, धार लावतो. त्यानं पातं आडवं केलं आणि गरुडावर घासायला सुरुवात केली.

सगुण गर्रकन वळला. "अरे मेल्या! माझो चाकू!"

वाटणीनंतर भावाला उद्देशून बोललेले हे त्याचे पहिले शब्द.

"मागीर घे तुझो चाकू," भिकाजी घासत म्हणाला. "गरुड मातर मेळूचो नाय."

आधी गरुडाची चोच गेली. मग मान. पंख जायला वेळ लागला. सुलोचना काड्यांवर फडकं भिजवून भिजवून घालत होती आणि नवऱ्याच्या सात पिढ्या मोजत होती. पातं आरशासारखं कोरं झालं, तेव्हा भिकाजीनं ते पंच्याला पुसलं, उजेडात धरलं, आणि काडी उचलली.

काप चांगले पडू लागले. मग हळूहळू बिघडले. सगुणानं दोन कलमं गपचूप बांधली. तिसऱ्याला त्याला राहवेना.

"धार लाव रे! असल्या कापार मी गाठ मारूचंय नाय. गरुडाक दहा काड्यांमागे धार लावची लागता, कळणा नाय?"

म्हणून झालं आणि त्यानं जीभ चावली. भिकाजीचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदाच भिंतीकडून मान वळवली आणि भावाचं तोंड नीट बघून घेतलं.

"गंगे, आयकलंस? इतकी वर्सां हो माणूस बाजारात सांगत होतो, गरुडाक सहाण दाखवची लागना नाय म्हणान."

"आनी तुझो मासो खय पोचलो रे? दर्यात?" सगुण ओरडला. "बापाशीचो मासो! खिळ्याक धरून रवना नाय तो मासो!"

"तुझी मूठ कुत्र्यान खाल्ली!"

"तुझ्या पात्याचा दाभाण झाला!"

ओरडता ओरडता भिकाजी धार लावत होता, सगुण पट्ट्या फाडत होता. दिवस मावळेपर्यंत त्यांनी एकमेकांचं सगळं काढलं. वाटणीतला फणस, लग्नातली पंगत, लहानपणी विहिरीत ढकललेलं, बापाच्या तेराव्याला वाढलेली खीर पातळ की घट्ट. एकदा सगुणानं रोप उचलून मारायला धरलं, पण त्याला पट्टी बांधलेली नव्हती, म्हणून आधी बांधली. मग ठेवून दिलं. अंधार पडला तेव्हा सोपटात एकही काडी शिल्लक नव्हती आणि चौघांच्या घशांत आवाज नव्हता.

त्या रात्री चूल पेटली. भिकाजी जेवला आणि चिमणीच्या उजेडात एक खिळा घेऊन बसला. सुलोचना भांडी घासून आली तरी तो कोऱ्या पात्यावर खरवडतच होता.

"ह्या काय काढलास? वांगा?"

"मासो."

"मासो असो आसता? शेपटी वर खय गेली?"

"पवता, म्हणान वर गेली."

सकाळी सगुण अंगणात येऊन उभा राहिला. "माझो चाकू."

भिकाजीनं चाकू उघडून जमिनीवर ठेवला. सगुण वाकला, हात पुढे केला, आणि विंचू दिसावा तसा मागे घेतला.

"ह्या काय?"

"तुझो चाकू. घे."

"माका नको. तेच्यार मासो आसा."

तो तसाच चालत पेडण्याला गेला आणि शांतारामाकडून नवा गरुड घेऊन आला. त्या दिवसानंतर सगुणानं आयुष्यात एक काडी कापली नाही, पण त्याच्या खिशात गरुड नाही असा दिवस उगवला नाही.

चतुर्थीच्या आठवड्यात भाटकार मांगरात आला. पिशव्या ओळीनं उभ्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक काडीच्या टोकाला तांब्यासारखं चमकणारं पान फुटलं होतं. त्यानं एक काडी ओढून बघितली. रोप पिशवीसकट वर आलं.

"कोणाचो चाकू?" त्यानं विचारलं.

"मासो," भिकाजी म्हणाला.

"गरुड," सगुण म्हणाला.

"माका कलमां व्हयी, जनावरां नको," भाटकार म्हणाला. "डोंगर दोघांक. पण भांडाण घराकडे ठेवन येवा."

भांडण त्यांनी रोज बरोबर नेलं. डोंगर मात्र हिरवा झाला. खाणीचा मुकादम दिवाळीनंतर येऊन गेला. सुलोचनेनं त्याला अंगणातूनच पाणी दिलं आणि कलमं लावायला माणूस कमी पडतो, येशील का, म्हणून विचारलं.

पुढल्या वर्षी राज्य झालं. बाजारात पताका लागल्या. त्याच आठवड्यात शांतारामानं भिकाजीला हाक मारली. मासोळीचा माल आला होता, पुष्कळ महिन्यांनी, नव्या घट्ट खिळ्याचा. शांतारामानं एक चाकू कागदातून काढून फळीवर ठेवला. भिकाजीनं तो उघडला, डोळ्यांजवळ नेला. मग कनवटीचा आपला चाकू काढला, शेजारी उघडून धरला आणि इकडून तिकडे बघत राहिला. तोवर त्या खिळ्यानं काढलेल्या मासोळीवर त्याचा इतका विश्वास बसला होता, की ती कुणी काढली हे विचारलं असतं तर तो बापाचं नाव सांगता.

"शांताराम," तो मोठ्यानं म्हणाला, "माका फसयतस?"

"कसला फसवणा? खरी मासोळी. मुंबयची."

"ही खरी? शेपटी बग हिची. खाली आसा. आनी ही बग माझी. मासो पवताना शेपटी खय आसता?" दुकानासमोर माणसं जमली. त्यांत मासोळीवाले बरेच. भिकाजीनं दोन्ही चाकू सगळ्यांना फिरवून दाखवले. "नकली माल इलो हा रे बाजारात. बघून घेया. शेपटी वर आसात तरच घेया."

मासोळीवाल्यांनी माना हलवल्या. दोघा-तिघांनी आपापले चाकू काढून बघितले आणि त्यांची तोंडं उतरली. पोदेरानं टोपलीचा चाकू सोडला आणि फळीवर आपटून परत दिला.

शांतारामानं भिकाजीच्या चाकूवरच्या वांग्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. गर्दी पांगल्यावर त्यानं दुकानाची अर्धी फळी लावून घेतली, मासोळीचा खोका पुढ्यात ओढला, एक सहाण आणि एक खिळा घेतला, आणि एकेका खऱ्या मासोळीची शेपटी घासून वर काढायला बसला.